मदत हवी आहे: बस वाड्यावर (गावातल्या वस्तीवर) वळवावी की हमरस्त्यावरच ठेवावी?

म्हापशाला जाणाऱ्या एका गावफेरीचा नवा आराखडा पंचायतीतर्फे द्यायचा आहे. जाऊन-येऊन, शेवटच्या थांब्यावरच्या विश्रांतीसह ९० मिनिटं. बस तीन, म्हणजे दर ३० मिनिटांनी एक. वरच्या वाड्यापर्यंत नेली की १२ मिनिटं वाढतात. १०२ भागिले ३, अंतर ३४ मिनिटं. मग वेळा दर तासाला सरकतात, लोकांच्या लक्षात राहत नाहीत, आणि बस खासगीवाल्यांच्या ठरलेल्या वेळेवर जाऊन आदळते. नाही वळवली, तर गोमेकॉला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) निघालेल्या म्हाताऱ्यांना भर पावसात चढ-उतार पायी. विश्रांती कापणं मला तरी पटत नाही. सकाळचा उशीर मग दिवसभर मागे लागतो.

एक सोडून एक फेरी वाड्यावर नेण्याचा प्रयोग कुठे टिकलाय का? आणि प्रवासी मोजणीचा तक्ता कसा आखलात? तिकिटावरून फक्त भाड्याचा टप्पा कळतो, उतरण्याचा थांबा नाही.