'प्रकाशोपचार' म्हटलं की बाळाची कावीळच का आठवते?

संत्रासाल: एक विज्ञानलेख मराठीत करून राहिली आहे. उंदरांच्या यकृतातल्या ट्यूमरवर प्रकाश टाकून केलेले प्रयोग. 'प्रकाशोपचार' लिहिलं, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पिंट्याला कावीळ झाली तेव्हा निळ्या लाईटखाली ठेवला होता, तेच ना?" दुसरा शब्द सुचवा.

महालकर: तो शब्द त्या काचेच्या पेटीनं कधीच अडवलाय. 'प्रकाश-औष्णिक उपचार' घ्या.

काऊनबा: कोराडीच्या वीज कारखान्याची चिमणी दिसते बाप्पा!

लॅबवाला: आधी दोन गोष्टी सुट्या करा. एकीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण गाठीत पोचवतात. वरून इन्फ्रारेड लेझर सोडला की ते तापतात, गाठ भाजून निघते. दुसरीत तापवणं नाहीच. औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले की ऑक्सिजनचं एक जहाल रूप तयार होतं, ते पेशी मारतं. नुसतं औषध किंवा नुसता प्रकाश असून भागत नाही. त्यातून यकृत रक्तानं भरलेलं, उजेड फार आत शिरत नाही. मग बारीक फायबर खुपसून तो आत न्यावा लागतो. पहिलीला 'प्रकाशशेक' म्हणा. दुसरीला ते चालणार नाही.

महालकर: शेक? बाळंतिणीला देतात तो? हे शास्त्र आहे की आजीबाईचा बटवा!

लॅबवाला: आजीबाई कोडावर बावचीचा लेप लावून उन्हात बसवायची. ऑक्सिजनचं सोडा, पण औषध अधिक प्रकाश हेच झालं ना?

संत्रासाल: शेक आवडला. दुसरीचं काय? आणि ट्यूमरला 'गाठ' पुरेल की 'अर्बुद'?

महालकर: अर्बुदच. सुश्रुतसंहितेत आहे. गाठ तर सुतळीलाही पडते.

काऊनबा: अर्बुद म्हणजे दहा कोटीपण होते. एवढ्याशा उंदरात दहा कोटी! अन् यकृत तरी काऊन? 'काळीज' लिहा. मटणाच्या दुकानात कोणी 'पाव किलो यकृत द्या' म्हणते का?

महालकर: काळीज म्हणजे हृदय. भीतीनं यकृत धडधडतं का तुमचं?

मावशी_इतवारी: आमच्या घरी काळं दिसते म्हणून काळीज, असंच सांगत.

लॅबवाला: मावशी, संस्कृत कोशात 'कालेय' म्हणजे यकृत. तिथून आलं. आणि फारसी 'जिगर' हा 'यकृत'चा सख्खा भाऊ, मूळ एकच.

काऊनबा: मंग जिगरबाज म्हणजे यकृतबाज?

महालकर: 'बाज'ही फारसीच. 'यकृतवान' म्हणा.