आधी यादी की आधी टेप? (स्टुडिओ सेशनच्या नोंदींवरून पेटलेला वाद)

खाडीपल्याड, रत्नागिरी:
जुन्या बँडच्या टेपा कुठे सापडल्या की लगेच सगळे सुरू होतात, डिजिटाइज करा, डिजिटाइज करा. मला हे पटत नाही. आधी यादी करायची. तारीख, स्टुडिओ, गाणं, कितवा टेक (म्हणजे वाजवायचा कितवा प्रयत्न), पूर्ण झाला का मधेच तुटला, कोण काय वाजवत होतं, आणि मग मशीनला हात लावायचा. नाहीतर होतं काय की हार्ड डिस्कवर 'ट्रॅक १' पासून पुढे शेकड्यांनी फायली पडून राहतात आणि काही वर्षांनी ज्याने त्या केल्या त्यालाही सांगता येत नाही कुठलं काय.

विषय निघाला कारण आमच्या भागातल्या एका जुन्या ऑर्केस्ट्राचे डबे आमच्या ग्रुपकडे आलेत. ऐंशीच्या दशकात मुंबईला जाऊन रेकॉर्ड केलेल्या स्पूल (चकतीवर गुंडाळलेल्या उघड्या टेपा), शिवाय गणपतीतल्या कार्यक्रमांच्या कॅसेटी. ग्रुपमधे दोन तट पडलेत.

मी बीटल्सचं उदाहरण देतो कारण त्यांचं सगळं उघड आहे. लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, म्हणजे ज्याला आता सगळे अ‍ॅबी रोड म्हणतात, टेपेच्या डब्यावर आणि सोबतच्या कागदावर टेक नंबर लिहून पुढे शेरा मारायचे: सुरुवात फसली, मधे मोडला, पूर्ण, आणि ठेवायचा असेल तर 'बेस्ट'. ११ फेब्रुवारी १९६३ ला सकाळी दहापासून रात्री पावणेअकरापर्यंत पहिल्या अल्बमची दहा गाणी उरकली हे आज कोणीही छातीठोक सांगतो ते त्या नोंदीच्या जोरावर. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' टेक ७ आणि टेक २६ वेग कमीजास्त करून जोडलंय, हेही नोंदीत आहे. आपल्याकडच्या डब्यांवर काय असतं? 'मास्टर, साईड ए'. झालं.

मेलो तरी गातलो, कुडाळ:
दादानू, तुमचा म्हणणा वाचलंय. पण टेपच ऱ्हवली नाय तर यादी घेवन काय करतलास?

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. कोकणात पावसाचे चार महिने हवा म्हणजे निव्वळ पाणी, कपाटातल्या चपला पांढऱ्या होतात तिथे टेपेचं काय. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच चांगल्या कंपन्यांच्या टेपांचा जो चिकटवा आहे ना, ज्याने तो तपकिरी थर पट्टीला धरून ठेवलाय, तो हवेतली ओल पितो आणि मऊ पडतो. मशीनवर लावली की चिरकते, हेडवर खरकटं जमतं आणि ते खरकटं म्हणजेच तुमचं गाणं हो. तुम्ही एक्सेलमधे रकाने भरत बसा, अजून एक पावसाळा गेला की रकान्यात 'वाजत नाही' एवढंच लिहायचं राहील. आधी उतरवून घ्या, ९६ किलोहर्ट्झ २४ बिटमधे, नावं मागाहून द्या, फायलींना कोण खातंय.

खाडीपल्याड, रत्नागिरी:
@मेलो तरी गातलो, चिकटव्याचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे आणि तेच माझ्या बाजूने जातंय बघा. तसली टेप तशीच लावली तर खराब होते, ती आधी मंद आचेवर, साधारण ५४ अंशावर काही तास शेकावी लागते, मग थोडे दिवस नीट वाजते. पण जुनी अ‍ॅसिटेटची पट्टी असेल तर ती शेकली की वाकडी होऊन कायमची गेली. मग कुठली शेकायची आणि कुठली नाही हे कळणार कसं? डबा उघडून, कंपनी आणि नंबर बघून, स्पूल उजेडासमोर आडवी धरून. अ‍ॅसिटेट असेल तर गुंडाळीतून उजेड आरपार दिसतो, पॉलिएस्टर असेल तर नाही. हे सगळं लिहून काढणं म्हणजे यादीच झाली की. मशीन न लावता होणारी यादी. तेवढं करायला पावसाळा लागत नाही.

आणि प्लीज, ग्रुपवर एकाने कॅसेटी पण ओव्हनमधे टाकूया म्हणून सुचवलंय, त्यांना कोणीतरी आवरा. कॅसेटींचा रोग वेगळा, तिथे बुरशी असते नाहीतर आतला फेल्टचा तुकडा सुटलेला असतो.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण:
मी दोघांच्याही विरुद्ध आहे 🙂 २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्याकडच्या कॅसेटी आणि काही स्पूल पाण्यात होत्या. चिखल धुवून वाळत घातल्यावर लक्षात आलं की पट्ट्या बऱ्याचशा वाचल्यात पण डब्यांची पुठ्ठी, आतले कागद, लेबलं सगळ्याचा लगदा. म्हणजे टेप आहे आणि ती काय आहे हे सांगणारं काहीच नाही. तेव्हा यादी करायचीच असेल तर नंबर डब्यावर लिहू नका, स्पूलच्या चकतीवर लिहा आणि सुरुवातीला जी पांढरी कोरी पट्टी असते तिच्यावर पण लिहा. डबे अदलाबदल होतात, पूर नसला तरी होतात. आणि यादीची एक प्रत गावाबाहेर ठेवा, पुण्याला भाचा असेल त्याच्याकडे.

बाकी आधी काय नंतर काय यावर भांडताय ते चालू द्या.

फक्त ऐकतो, अलिबाग:
मला मुळात हे कशासाठी चाललंय तेच कळत नाही. बँडने स्वतः जे टेक टाकून दिले ते टाकून दिले. 'ट्विस्ट अँड शाउट' त्याच ११ फेब्रुवारीच्या दिवसाच्या शेवटी गायलं, गाणाऱ्या जॉन लेननचा घसा बसला होता, पहिलाच टेक रेकॉर्डवर आला, विषय संपला. दुसरा टेक पण घेतला होता ही माहिती घेऊन मी काय करू? नाश्त्याला खाऊ? बीटल्सच्या जुन्या अल्बमांचे २०१७ पासून एकामागून एक जाडजूड सेट आले, त्यात तेच गाणं चार वेळा, एकदा गिटार चुकलेलं, एकदा हसू आलेलं. लोक हजारो रुपये घालतात. कंपनीचं गल्ला भरणं आणि फॅन लोकांचं खूळ यांना आपण इतिहास म्हणायला लागलो.

आणि तुमच्या ऑर्केस्ट्राचं म्हणाल तर जी गाणी कॅसेटवर आली ती लोकांनी लग्नात, गणपतीत वाजवून वाजवून झिजवली. ती चांगली मिळवा आणि जपा. उरलेलं माळ्यावर राहू दे.

पाचपरतवन, मालवण:
@फक्त ऐकतो, दुसरा टेक नको असेल तुम्हाला, पण ड्रम कोणी वाजवला हे तरी हवं ना? 'लव्ह मी डू' घ्या. ४ सप्टेंबर १९६२ ला बीटल्सच्या ड्रमरने, रिंगोने वाजवलं, ११ तारखेला परत रेकॉर्ड केलं तेव्हा निर्मात्याने भाड्याचा ड्रमर आणला, अँडी व्हाइट, आणि रिंगोच्या हातात टॅम्बरीन (खंजिरीसारखं वाद्य). दोन्ही बाजारात आली, सिंगलवर आधी एक, अल्बमवर दुसरी. टॅम्बरीन ऐकू आली की समजायचं ड्रमवर व्हाइट. ही तारखांची नोंद नसती तर त्या माणसाचं नाव कोणाला माहीत झालं असतं? आमच्याकडच्या कॅसेटींच्या कव्हरवर गायकाचा फोटो, गायिकेचं नाव, कंपनीचा पत्ता. बेंजोवाला नाही, ढोलकीवाला नाही, की-बोर्डवाला तर नाहीच. गाणं उचलून धरलेलं असतं त्या बेंजोने हो, आणि तो माणूस पुढे पानाची गादी टाकून बसला, त्याच्या नातवाला सांगून खरं वाटत नाही.

आणि त्याच 'लव्ह मी डू' ची मूळ टेप ईएमआयने ठेवलीच नाही. रिंगोवालं पुढे जुन्या रेकॉर्डवरून उतरवून घ्यावं लागलं. जगातली एवढी मोठी कंपनी, आणि ज्या गाण्याने सगळं सुरू झालं त्याची मास्टर नाही!

मेलो तरी गातलो, कुडाळ:
@पाचपरतवन, बघा, तुम्हीच सांगितलंत. नोंद होती, टेप गेली. नोंद ठेवून काय उपयोग झाला? रेकॉर्डवरून उतरवायची पाळी आलीच ना.

आणखी एक ऐका. जानेवारी १९६७ मधे बीटल्सनी जवळपास चौदा मिनिटांचं काहीतरी विचित्र रेकॉर्ड केलं, 'कार्निव्हल ऑफ लाइट', ते आजपर्यंत बाहेर आलेलं नाही. तारीख माहीत, लांबी माहीत, काय काय वाजवलं तेही लिहिलंय. ऐकूक गावणा नाय तर ती यादी काय चाटूची असा?

खाडीपल्याड, रत्नागिरी:
यादीत आहे म्हणून निदान मागता तरी येतं! काय आहे तेच माहीत नसेल तर हरवलं हे कळणार कधी? २००८ मधे हॉलिवूडला युनिव्हर्सल कंपनीच्या आवारात आग लागली, मास्टर टेपांचं गोदाम जळलं. बाहेर बातमी नीट फुटली ती २०१९ ला, आणि तेव्हासुद्धा नेमकं कोणाचं काय जळलं यावर वर्तमानपत्र एक म्हणतंय, कंपनी म्हणते एवढं नाही. जळालेल्या मालाची पक्की यादी असती तर हा वाद झालाच नसता.

चार ट्रॅक, सावंतवाडी:
मी बऱ्याच वर्षांपूर्वी स्टुडिओत असिस्टंट होतो म्हणून बोलतो. @खाडीपल्याड, तुमचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' चं उदाहरण जरा खोलात जाऊन बघा. टेक २६ हा सलग वाजवलेला टेक नाहीच. टेक १५ आणि टेक २४ चे तुकडे जोडले, ते दुसऱ्या टेपेवर उतरवून त्याला २५ नंबर दिला, त्यावर ट्रंपेट आणि चेलो चढवले, परत उतरवलं आणि झाला २६. कारण मशीन चारच ट्रॅकची, म्हणजे टेपेवर वेगवेगळे आवाज ठेवायला चारच पट्ट्या, जागा संपली की चार ट्रॅक दाबून कमी करायचे आणि नवीन नंबर टाकायचा. नुसत्या नंबरावर विसंबणारा म्हणेल सव्वीस वेळा वाजवलं.

दुसरं, ईएमआयच्या त्या कागदांवर कुठला बीटल कुठलं वाद्य वाजवतोय हे लिहायची पद्धतच नव्हती. २१ जून १९६६ ला 'शी सेड शी सेड' रेकॉर्ड झालं, नेहमी बास गिटार वाजवणारा मॅकार्टनी म्हणतो मी भांडून निघून गेलो होतो, मग बास कोणाचा यावर लोक अजून डोकं फोडतायत. कागद गप्प आहे. बीटल्सवर लिहिणाऱ्या मार्क लुइसनने त्यांच्या रेकॉर्डिंगचं १९८८ ला जे दिवसवार पुस्तक काढलं ते नुसते कागद उतरवून नाही काढलं, ईएमआयने त्याला टेपांपाशी बसू दिलं म्हणून झालं. तेव्हा ऐकल्याशिवाय केलेली यादी ही अर्धी यादी, आणि अर्धी यादी छापली की ती पूर्ण समजली जाते, हा धोका जास्त.

खाडीपल्याड, रत्नागिरी:
@चार ट्रॅक, म्हणून तर मी एक रकाना जादा ठेवलाय, 'कशावरून आलं'. १५ आणि २४ वरून २५, २५ वरून २६. वंशावळ. कुलवृत्तांतात लिहितात तसं. आणि ऐकून जे कळेल त्याच्यासाठी वेगळा रंग. डब्यावर वाचलेलं काळ्यात, ऐकलेलं निळ्यात, कोणी तोंडी सांगितलेलं लाल. कोणी म्हणेल फार झालं हे, पण तीन गोष्टी एकाच रंगात लिहिल्या की सावंतवाडीचे दादा म्हणतात तेच होणार.

फक्त ऐकतो, अलिबाग:
कुलवृत्तांत 😂 आता गाण्याची कुंडली पण मांडा.

पण एक गंभीर प्रश्न आहे, त्याला कोणी हात लावला नाही. टेकच्या मधे मंडळी काय काय बोलतात. जानेवारी १९६९ ला बीटल्सच्या शूटिंगच्या वेळी नाग्रा कंपनीची टेप रेकॉर्डर मशीनं जवळजवळ दिवसभर चालू असायची, त्यांची भांडणं, जॉर्ज हॅरिसन बँड सोडून जातो ते, सगळं टेपेवर. पुढे त्यातल्या ५०० च्या आसपास टेपा चोरीला गेलेल्या २००३ मधे पोलिसांनी धाडी घालून परत मिळवल्या, तोवर त्यांच्या नकला जगभर फिरल्या होत्या. तुमच्या स्पूलमधे पण शिव्या असणार, कोणाच्या पैशाचं बोलणं असणार, कोणाच्या बायकोचं. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. ती यादी उघडी टाकणार?

पाचपरतवन, मालवण:
हा मुद्दा मात्र बरोबर आहे. उघडं काही टाकायचं नाही, वाजवणाऱ्यांना किंवा घरच्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच. पण नोंद ठेवायला हरकत काय, 'टेक ३ नंतर बोलणं, दोन मिनिटं, बंद' एवढं लिहा.

आणि शिव्यांवरूनच माणसं ओळखता येतात हो! गाताना सगळे सारखे, ओरडताना कोण कुठल्या वाडीतला ते लगेच कळतं.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण:
ते ओळखणारा कोण उरलाय? ऑर्केस्ट्रातले किती जण आहेत हयात?

खाडीपल्याड, रत्नागिरी:
तिघे. ढोलकीवाले काका गणपतीपुळ्याजवळ असतात, ऐंशीच्या पुढे आहेत. ऐकायला कमी येतं पण हेडफोन लावला की चालतं.

मेलो तरी गातलो, कुडाळ:
मग झाला ना. काकांना काय एक्सेल ऐकवतलास? आवाज लागेल. म्हणजे आधी उतरवा.

चार ट्रॅक, सावंतवाडी:
सगळं उतरवायची गरज नाही. डबे बघून आधी तेवढ्या ठणठणीत स्पूल बाजूला काढा, ज्यांना शेकायची गरज नाही. त्यांची सुरुवातीची दोन-तीन मिनिटं ऐकून, फोनवर का होईना, घेऊन काकांकडे जा. चिकटलेल्यांना हात लावू नका, त्यांना मुंबईला नीट माणसाकडेच द्या, घरच्या ओव्हनचा काटा पंधरा-वीस अंशांनी खोटं बोलतो.

खाडीपल्याड, रत्नागिरी:
म्हणजे आधी डबे बघायचे. मी तेच म्हणत होतो.

मेलो तरी गातलो, कुडाळ:
आणि मग वाजवायच्या. मी पण तेच म्हणत होतो.

फक्त ऐकतो, अलिबाग:
स्पूल वाजवायचं मशीन आहे का पण कोणाकडे?

मेलो तरी गातलो, कुडाळ:
आमच्याकडे एक असा. बेल्ट गेलोहा.