मदत हवी आहे: सापळ्यात माशी कमी झाली तरी संत्र्यात अळ्या निघतायत

मंडळी, वरुड तालुक्यात 5 एकर संत्रा आहे, आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा), फळं आता रंगावर यायला लागलीत. ऑगस्टच्या शेवटी फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉलचे (नर माशीला वासाने ओढणारं रसायन) सापळे लावले, एकरी 8, झाडाच्या सावलीत 5-6 फुटांवर. आधी एका सापळ्यात आठवड्याला 40-50 माश्या यायच्या, आता 5-6 च येतात, मला वाटलं जोर ओसरला, पण गळालेली फळं कापून बघितली तर दहातल्या तीन-चारात अळ्या! म्हणजे हे रस शोषणाऱ्या पतंगाचं काम नाही, त्याच्या भोकात अळी नसते. ल्युर (सापळ्यातलं वासाचं आमिष) 20 दिवसांपूर्वीच बदललेत, गळ (गळालेली फळं) रोज उचलून खोल पुरतो. शेजारी पेरूची बाग आहे, तिथे गळ तशीच पडून असते, माशी तिकडूनच येतेय असा माझा अंदाज.

तोडणी महिन्यावर आलीय त्यामुळे कडक फवारणी नकोच. या सापळ्यात फक्त नर येतात हे माहीत आहे, मग मादी किती आहे ते बघायला प्रोटीनचं आमिष (त्याकडे मादीही येते) कोणी लावलंय का, आणि लावायचं तर पेरूकडच्या धुऱ्यावरच की बागभर?