खिद्रापूरला गेलेल्यांनो, लिहा

पंचगंगाकाठ:
भाचीने आत्ता फोटो पाठवला. त्रिपुरारी पौर्णिमा, खिद्रापूरच्या कोपेश्वर महादेवाच्या देवळाचा स्वर्गमंडप आणि छताच्या गोल झरोक्यात बरोब्बर चंद्र. एकदम आमचे आप्पा आठवले. सुट्टीत आम्ही कुरुंदवाडला आत्याकडे. आप्पा सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. मंडपाच्या मधोमध ती गोल शिळा आहे ना, तिच्यावर उताणं झोपायला लावायचे. वर 13 फुटांचं उघडं आभाळ, भोवती 12 खांबांचं कडं. पाठीला गार दगड. आप्पा म्हणायचे, "बोलू नकोस, नुसतं बघ." ते स्वतः मात्र अखंड बोलायचे.
तुमच्या आठवणी टाका.

दोन पोरांची आई:
हत्ती!! बाहेरून पायाशी 92 हत्ती आहेत म्हणे. धाकट्याने मोजायला घेतले, मध्येच खारुताई दिसली, झालं. बहुतेकांच्या सोंडा फोडल्यात. "यांना दुखलं असेल का गं?" काय सांगणार. कुकर झाला, येते नंतर.

जुगूळची लेक:
माहेर नदीपलीकडे, कर्नाटकात. आम्ही नावेतून यायचो देवाला. आजी पदरात नारळ घट्ट धरून बसायची आणि नावाड्याला कन्नडमधून झापायची, हळू चालव म्हणून. कोरीवकाम वगैरे काही कळायचं नाही तेव्हा, सगळं लक्ष नावेत.

भटक्या_६२:
नंदी शोधलात का कुणी? आमच्या सौ. गाभाऱ्यापासून दारापर्यंत दोनदा फिरल्या. सती नंदीवर बसून माहेरी दक्षाच्या यज्ञाला गेली, म्हणून इथे नंदी नाही, तो कर्नाटकातल्या यडूर गावी. इकडे महादेव कोपलेले, त्यांची समजूत घालायला विष्णू आले, ते धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं. सौ.चा निष्कर्ष: "बायको माहेरी गेली की सगळ्यांचं असंच होतं."

दोन पोरांची आई:
😂😂 सौ.ना नमस्कार सांगा

खवय्या सांगलीकर:
येताना नरसोबाच्या वाडीला थांबलात की नाही? बासुंदी, कवठाची बर्फी. देवळाचं नंतर बोलू.

जुगूळची लेक:
आणि कृष्णाकाठची वांगी! पुण्यात मिळतात ती वांगी नव्हेतच.

खवय्या सांगलीकर:
ताई, वांग्यांसाठी वेगळा धागा काढा, मी पहिला येतो.

शिळाप्रेमी:
दक्षिणेच्या दाराजवळचा लेख बघत जा हो कुणीतरी. यादव राजा सिंघणाचा, शके 1136, म्हणजे 1213-14 च्या सुमाराचा. तो संस्कृत, देवनागरीत. बाकीचे जवळपास सगळे जुन्या कन्नडमध्ये. आधी शिलाहार, मग यादव, असं हे देऊळ घडत गेलंय. लोक झरोक्याखाली सेल्फी काढतात, 48 खांबांपैकी एकही नीट बघत नाहीत. प्रत्येकावरची नक्षी डोळा लावून बघण्यासारखी आहे.

पंचगंगाकाठ:
@शिळाप्रेमी, रागावू नका, आम्ही झोपून बघणारी माणसं.

शिरोळचा पाव्हणा:
2019 च्या पुरात गावाला चारी बाजूंनी पाणी. मामा जनावरं सोडून यायला तयार नव्हते. शेवटी मामी बोटीत बसल्या तेव्हा आले. आम्हाला खिद्रापूर म्हटलं की आधी ते आठवतं, मग हत्ती.

जुगूळची लेक:
आमच्याकडेही तेच. मामांची जनावरं वाचली का हो?

शिरोळचा पाव्हणा:
म्हैस वाचली. मामा अजून तिचंच कौतुक सांगतात, मामींचं नाही.

नवखी:
कोल्हापूरहून एसटी आहे का थेट? आईला गुडघ्याचा त्रास आहे.

भटक्या_६२:
कुरुंदवाडपर्यंत काळजी नाही, पुढे स्वतःची गाडी बरी. आईंना सकाळी लवकर न्या, दुपारी फरशी तापते, अनवाणी चालवत नाही.