सल्ला हवा: सहावी ते आठवीच्या विज्ञानासाठी आयुका, आयसर, होमी भाभा यांपैकी कुठे जावं, काय आणावं?

पाटी_पेन्सिल
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची शाळा, धाराशिव जिल्ह्यातला भूम तालुका. सहावी ते आठवी मिळून ६२ मुलं आणि विज्ञानाला मी एकटीच. स्मार्ट टीव्ही आहे, नेट येतं-जातं, प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. विद्यापीठं आणि संशोधन संस्था शाळेतल्या शिक्षकांसाठी बरंच काही करतात असं ऐकून आहे. शाळेच्या अनुदानातून २००० रुपये मिळतील, एक रुपया जास्त नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला जायचीही तयारी आहे. वीज-चुंबकत्व, पेशी आणि सावली-ऋतू हे तीन विषय हाताने करून दाखवायचे आहेत. कुठून सुरुवात करू?

सह्याद्री_सर
मॅडम, डोळे झाकून आयुका. खगोलशास्त्राची संशोधन संस्था, पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे. तिथली मुक्तांगण विज्ञान शोधिका पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या मदतीने उभी राहिली, इमारतीचं नावच 'पुलस्त्य'. अरविंद गुप्तांनी २००३ ते २०१४ तिथे काम केलं आणि टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली. त्यांचे छोटे व्हिडिओ त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, बरेच मराठीत. अचानक जाऊ नका, आधी ईमेल करून शिक्षकांसाठी सत्र आहे का ते विचारा. सुट्टीत संस्थेतली माणसंही सुट्टीवर असतात.

तारांगण_७७
सावली-ऋतू म्हणताय तर दुर्बीण घ्याच. ११४ मिमीची न्यूटोनियन (आरशाची), चांगल्या स्टँडसकट. शनीची कडी मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की पुढे वेगळं शिकवावं लागत नाही. पंधरा-वीस हजारांत येते आणि नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. दोन हजारांत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या दुर्बिणी घेऊ नका. स्टँड हलतो आणि चंद्रसुद्धा धड स्थिर दिसत नाही.

माणगंगा
त्यांनी दोन हजार सांगितलेत हो.

तारांगण_७७
लोकवर्गणी काढता येते. गावात मंदिरासाठी निघते, शाळेसाठी का नाही?

फळा_खडू_डस्टर
दुर्बीण रात्रीची, शाळा दिवसाची. मॅडमना सावली शिकवायची आहे, तिला एक मीटरची सरळ काठी पुरते. २३ सप्टेंबरच्या आसपास विषुवदिन असतो, शाळाही चालू असते. सपाट अंगणात काठी ओळंब्याने उभी करा आणि १२ ते १२:४० दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपा. सर्वांत आखूड सावली भूमला साधारण ३३ सेंटिमीटर भरायला हवी. ती भागिले काठीची उंची, त्यावरून कोन काढा, साडेअठरा अंशांच्या जवळ येईल. तोच तुमचा अक्षांश. त्रिकोणमिती नसलेल्या सहावीच्या मुलांनी कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने मोजला तरी चालतं.

चुका दोन ठिकाणी होतात. काठी तिरकी असते, म्हणून दोऱ्याला नट बांधून दोन बाजूंनी तपासा. दुसरं, सर्वांत आखूड सावली १२ लाच पडेल असं धरून लोक एकदाच मोजतात. भूमचं रेखांश भारतीय प्रमाणवेळेच्या ८२.५ अंशांपेक्षा जवळपास सात अंश पश्चिमेला आहे. नुसत्या त्या फरकाने सूर्य २७ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, वर ऋतूप्रमाणे काही मिनिटं पुढे-मागे. सप्टेंबरअखेरीस १२:२० च्या आसपास, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:११ च्या आसपास.

माणगंगा
शून्य सावली दिवसच का नाही करत? सगळीकडे त्याचाच गाजावाजा असतो.

फळा_खडू_डस्टर
भूमच्या अक्षांशावर तो मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीला येतो. मेमध्ये शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ. शिवाय सावली गायब झालेली पाहण्यात गंमत आहे, पण मोजायला काही उरत नाही. काठीच्या प्रयोगात मुलाच्या वहीत आकडा येतो.

कुर्ला_टर्मिनस
मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं नाव अजून कोणीच घेतलं नाही? टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र आहे, १९७४ पासून हेच काम करतंय. विज्ञान प्रतिभा उपक्रमाची लर्निंग युनिट्स (तयार पाठ) फुकट उतरवता येतात. त्यांतल्या शिक्षकांसाठीच्या टिपा बारकाईने लिहिलेल्या आहेत, प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे इथपर्यंत. मात्र ती मुळात आठवी ते दहावीसाठी आहेत. सहावीला तशीच्या तशी दिलीत तर जड जाईल, अर्ध्यावर थांबवावं लागेल.

तिथलाच क्यूब हा जीवशास्त्राचा उपक्रमही पाहा. फळमाशी, हायड्रा, गांडूळ असे साधे जीव शाळेत पाळायचे आणि निरीक्षणं लिहायची. फळमाशीला खर्च नाही. पिकलेल्या केळ्याचा बोटभर तुकडा काचेच्या बाटलीत ठेवून बाटली उघडी ठेवा. माश्या आत गेल्या की कापसाचा बोळा लावा. २५ अंशांच्या आसपास अंड्यापासून माशीपर्यंत दहा-बारा दिवस लागतात. केळ्याला पाणी सुटून अळ्या बुडतात, म्हणून आत टिपकागदाची घडी उभी ठेवायची. बुरशी आली तर केळं जास्त झालं असं समजा.

सह्याद्री_सर
मानखुर्दला भूमहून जायचं म्हणजे जाण्यायेण्यातच दोन दिवस. आयुकाच जवळ.

डोंगरी_शाळा
आयसर पुणे! विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था. तिथे सायन्स ॲक्टिव्हिटी सेंटर आहे, आणि राज्यातल्या विज्ञान-गणित शिक्षकांसाठी आयराइज नावाचं प्रशिक्षण चालतं, शासनाच्या सहभागाने. पूर्ण प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनी पुढे आपापल्या जिल्ह्यात इतरांना शिकवायचं, अशी रचना आहे. म्हणजे पुण्याला जायच्या आधी आपल्या जिल्ह्यात असं कोणी आहे का ते डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) विचारा. असले तर प्रशिक्षण जिल्ह्यातच होईल.

सर्किट_वाले
दोन हजारही खर्चू नका. कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट घ्या, म्हणजे संगणकावर करायचे आभासी प्रयोग, सिम्युलेशन्स. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलं. बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत. भाषा मराठी निवडायची, डाउनलोडचं चिन्ह दाबायचं, एकच एचटीएमएल फाइल येते. ती ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. तुमच्या टीव्हीच्या ब्राउझरवर भरवसा ठेवू नका, लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडा. यादीत जुनी जावावरची सिम्युलेशन्स दिसतील, ती सोडून द्या, चालत नाहीत. वीजमंडलासाठी डीसी सर्किटचं किट घ्या.

सह्याद्री_सर
पडद्यावरचा बल्ब नेहमीच लागतो. खऱ्या सेलवर तार नीट टेकली नाही की बल्ब लागत नाही, आणि का लागला नाही हे शोधणं म्हणजेच मंडल शिकणं. आधी हाताने, मग पडद्यावर.

सर्किट_वाले
चूक. त्यात सेलचा अंतर्गत रोध आणि तारेचा रोध वाढवता येतो, मग बल्ब मंद होतो. आणि विद्युतधारा बल्बमध्ये 'खर्च' होते हा मुलांचा पक्का गैरसमज आहे. बल्बच्या आधी आणि नंतर ठिपके त्याच वेगाने सरकताना दिसले की तो हलतो. खऱ्या तारेत ते कसं दाखवणार?

सह्याद्री_सर
दोन ॲमीटर लावून.

सर्किट_वाले
६२ मुलांना दोन ॲमीटर. बरं.

निरीक्षण_वही
पेशींसाठी फोल्डस्कोप. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेतला कागदी सूक्ष्मदर्शक, १४० पट मोठं दिसतं, मोबाइलच्या कॅमेऱ्याला चुंबकाने चिकटतो. कांद्याच्या आतल्या पाकळीची साल काढा, आयोडिनचा थेंब टाका, दोन मिनिटं थांबा. जास्तीचं पाणी टिपकागदाने काढलं नाही तर सगळं पोहत राहतं. साल दुमडली की पेशींचे दोन थर एकावर एक दिसतात आणि मुलं तेच चित्र वहीत काढतात. भिंगाला बोट लावू द्यायचं नाही. चित्र धूसर वाटलं तर आधी भिंग पुसायचं, मगच फोकस बदलायचा. पेशीभित्तिका आणि केंद्रक छान दिसतं. तंतुकणिका दिसतील असं मात्र वर्गात सांगू नका.

तारांगण_७७
फेब्रुवारीत खोडदला जा. नारायणगावजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला धरून तिथे मोठं प्रदर्शन असतं, शाळा आपले प्रकल्पही मांडतात. सहलीला एसटीची ५० टक्के सवलत मिळते. परवानगीचा कागद वेळेत हलवा.

माणगंगा
त्यांनी दिवाळी म्हटलंय. अटल लॅबसाठी (शाळांतल्या प्रयोगशाळेची केंद्र सरकारची योजना) अर्ज करा मॅडम, वीस लाख मिळतात.

डोंगरी_शाळा
अटल लॅबला जागा, वीज, इंटरनेट सगळं दाखवावं लागतं. लोखंडी कपाटावर नाही मिळत.

उपपरिसर
सगळे पुण्या-मुंबईचंच बोलताय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवलाच आहे, आणि जवळपास विज्ञान शाखेचं वरिष्ठ महाविद्यालयही असेलच. त्यांच्या कपाटात सूक्ष्मदर्शक पडून असतात. मागायची पद्धत मात्र माहीत हवी.

नॅक म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणारी संस्था. तिच्या मूल्यांकनात संशोधन, नवोपक्रम आणि विस्तारकार्य, म्हणजे संस्थेबाहेर समाजासाठी केलेलं काम, हेही पाहिलं जातं. महाविद्यालयाला विस्तारकार्य दाखवावंच लागतं. म्हणून 'मदत करावी' असं मोघम पत्र देऊ नका. मुख्याध्यापकांच्या सहीने, प्राचार्यांच्या नावे आणि विभागप्रमुखांना प्रत, असं लिहा: अमुक तारखेला ११ ते २, ६२ विद्यार्थी, विषय वनस्पती पेशी, हवं असलेलं साहित्य म्हणजे सूक्ष्मदर्शक ४, कोऱ्या काचपट्ट्या ३०, सॅफ्रानिनची (पेशी रंगवायचं द्रव्य) एक बाटली, आणि एमएस्सीचे दोन विद्यार्थी. शेवटची ओळ: कार्यक्रमानंतर शाळेच्या लेटरहेडवर आभारपत्र, उपस्थितीची यादी आणि जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो देऊ. ती ओळ वाचून पत्र फायलीत पडून राहत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांच्या सत्र परीक्षा असतात, तेव्हा कोणी यायचं नाही. डिसेंबरची तारीख मागा, दोन पर्यायी तारखा द्या. शनिवार नको, शाळा सकाळची असते.

सह्याद्री_सर
हे उत्तम. तरीही आयुकाला एकदा जाच.

डोंगरी_शाळा
कुठेही गेलात तरी संस्थेकडून पत्र आधी मागवा, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे. तारखा, प्रवासखर्च कोण देणार आणि राहायची सोय, तिन्ही त्यात लिहिलेलं हवं. नाहीतर शाळेच्या दिवसाची रजा स्वतःच्या खात्यातून जाते.

पाटी_पेन्सिल
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते सांगते. पुणे नाही, मुंबई नाही, फोल्डस्कोपही आत्ता नाही. मी शिकून येईन आणि मुलं बघत बसतील, असं व्हायला नको. पेशींसाठी महाविद्यालयाला पत्र, डिसेंबरची तारीख. सावलीला काठी, २३ तारखेला. दोन हजार सगळे विजेवर: प्रत्येकी पाच-सहा मुलांचा एक असे अकरा गट, प्रत्येकाला सेल, चुंबक, सेफ्टी पिना, बल्ब, तार. सर्किट_वाले, तुमची फाइल टीव्हीवर दाखवीन, पण मुलांनी हाताने जोडणी केल्यानंतर. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत इतर शाळांनाही हाच संच देता येईल.

एकच प्रश्न राहिला. सेलवर फिरणाऱ्या मोटरला (सेलला बांधलेल्या दोन पिनांत टेकवलेली तारेची गुंडाळी आणि जवळ चुंबक) तार कुठल्या गेजची, म्हणजे जाडीची? आणि नुसती थरथरते, फिरत नाही, असं का होतं?

सह्याद्री_सर
२४ गेजची इनॅमलवाली (वीज न वाहणारा पातळ थर असलेली) तार, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. शंभर ग्रॅममध्ये साधारण ४५ मीटर येते. मोठ्या सेलभोवती दहा वेढे घेतले तर टोकांसकट सव्वा मीटर लागते, म्हणजे तीसेक गुंडाळ्या सहज होतात. २६ गेज घेऊ नका, टोकं वाकतात आणि आस सरळ राहत नाही.

थरथरण्याचं कारण टोकांवरचं इनॅमल खरवडण्यात असतं. एक टोक सगळीकडून खरवडायचं. दुसरं टोक खरवडताना गुंडाळी उभी धरायची आणि फक्त वरची अर्धी बाजू खरवडायची. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर अर्ध्या फेरीनंतर जोर उलटा लागतो आणि गुंडाळी झुलत राहते. गुंडाळी आडवी ठेवून वरची बाजू खरवडली तरी तेच, कारण मग करंट चुकीच्या अर्ध्या फेरीत जातो. अकरा गटांपैकी दोन-तीन इथेच अडतील. त्यांना लगेच करून देऊ नका, चाललेली गुंडाळी शेजारी ठेवून दोन्हींची टोकं भिंगातून बघू द्या.

सेल साधा झिंक-कार्बनच घ्या. अल्कलाइनमधून करंट जास्त वाहतो आणि गुंडाळी अडली की तार चटका देण्याइतकी तापते. पिना सेलला सायकलच्या ट्यूबच्या रिंगने घट्ट बांधा आणि प्रयोग संपला की गुंडाळी लगेच काढून ठेवायला सांगा.

सर्किट_वाले
ट्यूब ट्रकची नको, सायकलचीच. बोटभर रुंद कापा.