जून 1968 ची फ्रान्समधील निवडणूक: जनतेचा कौल, की जनतेच्या प्रश्नाला बगल?

अनिकेत (चर्चाप्रस्ताव):

30 मे 1968 रोजी दुपारी साडेचार वाजता राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांनी रेडिओवरून एक छोटेखानी भाषण केले. आपण राजीनामा देणार नाही, नॅशनल असेंब्ली (संसदेचे कनिष्ठ सभागृह) आजच बरखास्त करीत आहोत आणि देशावर साम्यवादी हुकूमशाहीचे सावट आहे, एवढाच त्याचा मथितार्थ होता. हे भाषण लोकशाहीतील खंबीर नेतृत्वाचा नमुना म्हणून आजही सांगितले जाते, आणि मला नेमके तेच मान्य नाही.

मे महिन्यात पॅरिस परिसरातील नाँतेर आणि सोरबोन या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांपासून सुरू झालेला असंतोष पाहता पाहता कारखान्यांत पोहोचला आणि महिनाअखेरीस सुमारे 1 कोटी कामगार संपावर होते. विद्यापीठात आणि कारखान्यात निर्णय कोणी घ्यायचे, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. 23 आणि 30 जूनच्या मतदानात मात्र मतदारांपुढे ‘द गॉल हवेत की अराजक?’ हा वेगळाच प्रश्न ठेवण्यात आला. भीतीच्या छायेतील या मतदानातून द गॉल समर्थकांना प्रचंड बहुमत मिळाले; हे सभागृह मला भेदरलेल्या मतदारांचे वाटते. शिवाय 22 मे रोजी सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव 11 मतांनी हुकला होता, म्हणजे ज्या सभागृहाने सरकार तारले तेच आठ दिवसांत मोडीत काढले गेले. रस्त्यावरचा वाद मतपेटीत बंद करण्याची ती शिताफी होती.

सुलभा:

आपली मांडणी रेखीव आहे, परंतु त्या आठवड्यातील दोन गोष्टी तिच्यातून निसटल्या आहेत. सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्यात पॅरिसमध्ये झालेल्या ग्रेनेलच्या वाटाघाटींत किमान वेतनात 35 टक्के आणि एकूण वेतनात सुमारे 10 टक्के वाढ सरकार व मालकांनी मान्य केली होती, पण 27 मे रोजी पॅरिसलगतच्या बिलाँकूर येथील रनो मोटार कारखान्यातील कामगारांनी ती धुडकावली. दुसऱ्या दिवशी डाव्या विरोधकांचे नेते फ्राँस्वा मितराँ यांनी हंगामी सरकारचा प्रस्ताव मांडून राष्ट्राध्यक्षपदासाठी स्वतःची उमेदवारीही पुढे केली. 29 मे रोजी तर खुद्द द गॉल गुपचूप जर्मनीतील बाडेन-बाडेनला, तेथील फ्रेंच सैन्याचे प्रमुख जनरल मासू यांच्या भेटीस गेले, आणि राष्ट्राध्यक्ष आहेत कुठे हे पंतप्रधान पाँपिदू यांनाही ठाऊक नव्हते. अशा वेळी कोणीही न निवडलेल्या हंगामी सरकारपेक्षा महिनाभरात मतदान घेणे अधिक लोकशाहीवादी नव्हते काय? कम्युनिस्ट पक्षानेही या निवडणुकीस तत्काळ होकार दिला, हे विसरून चालणार नाही.

आणि ज्यांनी महिनाभर तोंड उघडले नव्हते, त्यांचे काय? भाषणाच्याच संध्याकाळी पॅरिसच्या शाँझेलीझे या हमरस्त्यावर लाखोंचा जनसमुदाय द गॉल यांच्या बाजूने उतरला. तेही रस्त्यावरचेच लोक होते. संपकऱ्यांची गर्दी म्हणजे जनता आणि ही गर्दी म्हणजे भीती, असा दुजाभाव मला पटत नाही.

विनायक:

भीतीचा विषय निघालाच आहे, तर ती कशी जोपासली गेली हेही पाहू. 31 मे रोजी, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीच्या तोंडावर, पंपांवर पुन्हा पेट्रोल मिळू लागले आणि पॅरिसबाहेर पडणाऱ्या मोटारींची ही रीघ लागली. टाकी भरली की क्रांतीचा उत्साह ओसरतो, हे सरकारला चांगले कळत होते. प्रचाराचा काळही शांत नव्हता. 10 जूनला पॅरिसजवळील फ्लँ येथील रनो कारखान्याजवळ पोलिसांपासून पळताना एक शाळकरी विद्यार्थी सेन नदीत बुडाला, 11 जूनला सोशोच्या पूझो कारखान्यात दोन कामगार मृत्युमुखी पडले आणि 12 जूनला अनेक डाव्या संघटनांवर बंदी आली. मतदानाचे वय तेव्हा 21 होते, त्यामुळे बॅरिकेड उभारणाऱ्यांपैकी अनेकांना मतच नव्हते. ‘निवडणुका म्हणजे मूर्खांसाठी सापळा’ ही घोषणा त्यांनी उगीच दिली नव्हती.

जागांचा हिशेबही पाहावा. कम्युनिस्टांना पहिल्या फेरीत 20 टक्के मते पडली, पण 487 पैकी जागा मिळाल्या 34. वर्षभरापूर्वी त्यांच्याकडे 73 होत्या. मते थोडी घटली आणि जागा निम्म्याहून कमी झाल्या.

सुलभा:

विनायकराव, दोन फेऱ्यांची हीच पद्धत (मतदारसंघात पहिल्या फेरीत कोणालाच स्पष्ट बहुमत न मिळाल्यास दुसरी फेरी) मार्च 1967 च्या निवडणुकीतही होती. तेव्हा द गॉल समर्थकांचे बहुमत काठावर आले होते, आणि त्या वेळी कोणी पद्धतीला दोष दिल्याचे मला स्मरत नाही. घोषणेविषयी बोलायचे तर, जो मतदानालाच सापळा म्हणतो त्याला निकालाविरुद्ध तक्रार करण्याचा नैतिक अधिकार कितपत उरतो? आंदोलकांविषयी उघड सहानुभूती दाखवणारे माजी पंतप्रधान प्येर मांदेस फ्रान्स यांच्यासारखे नेते ग्रनोबलमध्ये थोडक्या मतांनी पडले. त्यांच्या पराभवाने मला वाईट वाटते, पण तो पराभव मतदारांनीच केला.

शिवाय या ‘भेदरलेल्या’ सभागृहाने काय केले तेही सांगायला हवे. शिक्षणमंत्री एद्गार फोर यांचा विद्यापीठांना स्वायत्तता आणि विद्यार्थ्यांना कारभारात सहभाग देणारा कायदा याच सभागृहाने मंजूर केला, आणि विरोधात एकही मत पडले नाही. कारखान्यांत कामगार संघटनांच्या शाखांना कायदेशीर मान्यताही डिसेंबर 1968 मध्ये याच बहुमताने दिली.

अनिकेत:

फोर यांच्या कायद्याबाबत आपला मुद्दा वजनदार आहे. एवढे प्रचंड बहुमत हाती असताना उजव्यांनी तो मुकाट्याने मंजूर केला, याचे कारण मात्र मला जूनच्या निकालात नव्हे तर मेच्या धास्तीत दिसते. निकालाने द गॉल यांना तरी काय मिळाले? निवडणूक जिंकून देणाऱ्या पाँपिदूंना त्यांनी जुलैतच बाजूला सारले. पुढे 27 एप्रिल 1969 रोजी प्रदेश आणि सिनेटच्या सुधारणेवरील सार्वमत 52 टक्क्यांहून अधिक नकारात्मक मतांनी फेटाळले गेल्यावर ते दुसऱ्याच दिवशी पायउतार झाले. दहा महिन्यांत ओसरणाऱ्या कौलाला मी त्या माणसावरचा विश्वास म्हणणार नाही.

राहता राहिली डिसेंबरची मान्यता. कारखान्यातील संघटनेच्या हक्काविषयी कायदा करण्याचे आश्वासन ग्रेनेलच्या मसुद्यातच होते. तो मसुदा 27 मेचा, असेंब्ली बरखास्त होण्यापूर्वी तीन दिवस आधीचा, आणि तोही संप चालू असतानाचा.