शेवटच्या कलाटणीवरून तुमच्याकडे कधी वाजलंय का?

काल 'अंधाधुन' पुन्हा पाहिला आणि २०१८ मधला आमचा वाद जसाच्या तसा आठवला. (रहस्य फोडतेय, पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा.) शेवटी आंधळा म्हणून वावरणारा आकाश त्याच्या जुन्या मैत्रिणीला, सोफीला, सगळी हकीकत सांगतो, बाहेर पडतो आणि वाटेतला डबा काठीने नेमका उडवतो. ताई थेटरातच चिडली, "दोन तास फसवलं आपल्याला!" मला मात्र त्या एका फटक्यासाठी सिनेमा पुन्हा पाहावासा वाटला. तुमच्याकडे कोणत्या शेवटावरून तट पडले? लिहा.

*

काठीची मूठ पाहिलीत का? सशाचं डोकं! तेव्हापासून सशामुळे गाडी उलटली आणि तो वाचला, या आकाशच्या गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही.

*

अहो पण सिनेमा सुरूच सशापासून होतो ना? ससा खराच. आमचे बाबा या मुद्द्यावरून तसूभरही हलत नाहीत, मीही नाही.

*

वाचतेय. बाळ उठलं, नंतर सविस्तर लिहिते.

*

'सायको' राहिला की! १९६० साली आला तेव्हा समीक्षकांतही एकमत नव्हतं, पुढे तोच अभिजात ठरला. सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा दिग्दर्शक हिचकॉकचा दंडक होता. पण शेवटी ते मानसोपचारतज्ज्ञ उभे राहून सगळं समजावतात, ते मला अजिबात पटत नाही. अंगावर काटा आलेला असताना व्याख्यान कशाला? नवरा म्हणतो, त्या काळच्या प्रेक्षकाला ते लागत होतं. दर वेळी हेच भांडण.

*

'द व्हिलेज' (२००४) आवडलेलं कुणी आहे का इथे? त्याच दिग्दर्शकाच्या 'द सिक्स्थ सेन्स'नंतर लोक धक्क्याचीच वाट बघत बसले आणि कलाटणी कळल्यावर म्हणाले, "हॅ, एवढंच?" मला तो धक्क्यासाठी आवडलाच नाही. पोरांना जपायचं म्हणून मोठी माणसं खोटी भीती उभी करतात, ते पाहून पोटात कालवलं. मैत्रिणीला अजून पटवतेय.

*

मी आहे! कुणीतरी भेटलं बाई.

*

माझं दुःख वेगळं. ऐन तिकिटाच्या रांगेत दादाने खुनी सांगून टाकला. सिनेमाचं नाव लिहीत नाही, इथे कुणाचा विरस नको.

*

अरेरे, हे अक्षम्य आहे. लंडनला 'द माउसट्रॅप' हे रहस्यनाटक १९५२ पासून चाललंय आणि प्रयोग संपला की कलाकार प्रेक्षकांना विनवतात, शेवट बाहेर सांगू नका. दादाला पाठवा तिकडे.

*

माझी कसोटी एकच. शेवट माहीत असताना दुसऱ्यांदा बघायचा. पहिल्यांदा नजरेतून सुटलेली खूण तिथेच पडलेली दिसली तर दिग्दर्शक प्रामाणिक. नाहीतर ती नुसती हातचलाखी, मग परीक्षणात कितीही तारे पडोत.

*

हे पटलं. डब्यावाल्या शेवटाला लावून बघा, आकाश पास होतो.

*

विषयांतर होतंय, पण जुन्या कृष्णधवल सिनेमांची नीट वाचता येतील अशी सबटायटल्स कुठे मिळतात? आईला बारीक अक्षर दिसत नाही.

*

टीव्हीच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करता येतं. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करते.